फल्लीत अफ्लाटॉक्सिन निघालं. ती ‘चांगली बुरशी’ म्हणजे ट्रायकोडर्माच का?

घाणेवाली_वहिनी (जि. वाशीम) · १९ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे, पण अर्धा सांगितला तर उत्तरंही अर्धीच येतील, म्हणून सगळंच लिहिते.

आमचं गाव कारंज्याहून मूर्तिजापूरकडे जाताना आत लागतं. दीड एकर ओलित, त्यात उन्हाळी फल्ली, वाण टीएजी-२४. बाकी वावर कोरडवाहू, सोयाबीन-तूर. (पुण्याकडच्यांसाठी: फल्ली म्हणजे भुईमूग. शेंगदाण्यालाही आमच्याकडे फल्लीदाणेच म्हणतात.) बचत गटाच्या आम्ही सात जणींनी दोन वर्षांपूर्वी लाकडी घाणा घेतला. तेल गावात आणि अकोल्याला ओळखीपाळखीत जातं, ढेप (तेल काढून उरलेली पेंड) आमच्याच गाईंना. यंदा ठरवलं की तेलापुरता माल बाजूला काढायचा आणि निवडक दाणा पाच क्विंटल एका मोठ्या खरेदीदाराला द्यायचा. भाव हर्रासापेक्षा (बाजार समितीतल्या लिलावापेक्षा) बरा होता. त्यांनी नमुना मागितला, मी वरच्याच पोत्याचं तोंड उसवून किलोभर पाठवला. आठ दिवसांनी मोबाइलवर कागद आला. एकूण अफ्लाटॉक्सिन (म्हणजे बुरशीचं विष) ६४, मर्यादा १५, माल नको.

६४ काय, ग्रॅम की टक्के, मला काही समजेना. यजमानांना वाटलं भाव पाडायचा डाव आहे. मग नागपूरच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत आमच्या खर्चानं नमुना पाठवला. तिथून आलं ९! म्हणजे पास. तो कागद खरेदीदाराला दाखवला तर म्हणाले, ताई आम्ही आमचाच कागद धरतो.

यंदा काय झालं तेही सांगते. एप्रिलभर पाणी व्यवस्थित दिलं. मेच्या पहिल्या आठवड्यात विहिरीनं तळ दाखवला. लाइन यायची रात्री, अर्ध्या तासात मोटर हवा ओढायची. शेवटची दोन पाणी झालीच नाहीत. जमिनीला अशा भेगा पडल्या की बोट घातलं तर आतली शेंग हाताला लागायची. मेच्या शेवटी उपटणी केली, ढीग वावरातच होते, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस आला. ताडपत्री टाकली, सकाळी हात घातला तर ढीग आतून गरम. मग पसरवून चार दिवस वाळवलं.

बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीवर वापरतात ती बुरशीचीच पावडर) लावला होता, किलोला ५ ग्रॅम, पाकिटावर लिहिलं तसा, गुळाच्या पाण्यात कालवून, सावलीत सुकवून. मीच लावला, त्यामुळे कोणी विसरलं असं म्हणायला जागा नाही.

आता प्रश्न. परवा एक व्हिडिओ पाहिला, आफ्रिकेतला. एक बाई बादलीतून निळ्या रंगाची ज्वारी मुठीमुठीनं मक्यात फेकत चालली होती. खाली लिहिलं होतं की ह्यावर चांगली बुरशी आहे, ती वाईट बुरशीला येऊ देत नाही, विष होतच नाही. सासूबाई बाजूला होत्या. म्हणाल्या, “बुरशी घालवाले बुरशीच टाकाची? मंग दारू सोडवाले दारूच पाजा.” मी कृषी केंद्रात जाऊन विचारलं तर त्यांनी ट्रायकोडर्माचं पाकीट पुढं केलं, “हीच ती.” हीच ती असेल तर माझ्याकडे ६४ कसे निघाले? आणि ही नसेल तर ती कुठं मिळते, आणि आता पोत्यांवर शिंपडून चालेल का? माल घरात पडून आहे. निवडण काढलेलं वाया घालवत नाही आम्ही, चटणीला नि भाजीच्या वाटणाला वापरतो, तेव्हा नुकसान फार नाही, पण पाच क्विंटलचं काय करू?

---

धुऱ्यावरचा_गडी (यवतमाळ) · १९ जून, रात्री ११.१५

वहिनी, माझा भाचा दुबईले असतो, दुबईहून आफ्रिका जवळच हाय म्हंतात. दोन पोते निळी ज्वारी बोलावून घ्या, अर्धी मले.

मस्करी सोडा. नोटा तपासाचा तो जांभळा लाइट येतो ना, बाजारात दोनशे-अडीचशेले. अंधारात दाण्यावर मारायचा, चमकला तो विषारी. आमच्या इकडे एक व्यापारी मक्यावर मारून पाहते. पोत्यावर मात्र काही शिंपडू नका, ओल लागली की उरलंसुरलं जाईन.

---

बुरशीमास्तर (अमरावती) · २० जून, सकाळी ६.०५

वहिनी, पहिलं काम. हे वाचून झाल्यावर उठा आणि तो निवडणाचा डबा चटणीच्या फडताळातून काढून बाहेर ठेवा. कारण खाली सांगतो, पण डबा आधी काढा.

मी वनस्पतिरोगशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे, पोरं बुरशीमास्तर म्हणायची ते नाव चिकटलं.

कृषी केंद्रवाल्यानं फसवलं नाही तुम्हाला, त्याला दोन बुरश्यांतला फरक ठाऊक नाही इतकंच. ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीच्या तंतूला वेटोळे घालते, तिची भिंत विरघळवते आणि तिच्यावरच जगते. तुरीची मर, फल्लीची बुडकूज, खोडकूज ह्यांवर ती चांगली आहे, वापरत राहा. पण तिला गारवा नि ओल लागते. फेब्रुवारीत बियाण्याला चोळलेली ट्रायकोडर्मा मे महिन्यात भेगाळलेल्या, तापलेल्या जमिनीत शेंगेची राखण करत बसेल ही अपेक्षा जरा जास्तच झाली. विष करणारी बुरशी, ॲस्परजिलस फ्लेवस, तिला नेमका तोच मे महिना आवडतो.

निळ्या ज्वारीवर काय असतं, तर तीच. ॲस्परजिलस फ्लेवस. सासूबाईंना सांगा, तुमची शंका बरोबर आहे, खरंच दारूवर दारूच आहे. फरक एवढाच की सगळ्या फ्लेवस विष करत नाहीत. काही वाण निसर्गातच असे सापडतात की त्यांची विष करायची यंत्रणाच मोडलेली असते. अमेरिकेतल्या एएफ-३६ ह्या वाणात एका जनुकात एका अक्षराची चूक आहे, तेवढ्यानं सगळा कारखाना बंद. फल्लीसाठी तिकडे जो दुसरा वाण वापरतात, त्याच्यात तो जनुकांचा गटच नाही. कोणी प्रयोगशाळेत घडवलेले नाहीत हे वाण, वावरातून शोधून काढलेले आहेत.

हे काम कसं करतं? एसटी फलाटाला लागायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. बिनविषारी बुरशी मारामारी करत नाही, फक्त आधी येऊन बसते. ज्वारी भाजून मारलेली असते म्हणजे उगवत नाही, तिच्यावर बुरशीचे बीजाणू चढवलेले, आणि निळा रंग अशासाठी की कोणी खाऊ नये. एकरी ४ किलो, हेक्टरी १०. मक्यात फुलोऱ्याच्या दोन-तीन आठवडे आधी, जमिनीत ओल असताना फेकतात. ओल लागली की दोन-तीन दिवसांत दाणा न् दाणा हिरवा होतो आणि तिथून बीजाणू उडून पिकावर बसतात. मागून विषारी आली तर तिला उभ्यानं प्रवास. आफ्रिकेत ह्यानं पिकातलं विष ८० टक्क्यांहून जास्त घटलेलं आहे. म्हणूनच पोत्यावर शिंपडून उपयोग शून्य. गाडी सुटून गेली, आता रुमाल कुठं टाकता? आणि झालेलं विष कुठलीच बुरशी चोखून काढत नाही.

मूळ गोष्ट मक्याची किंवा फल्लीची नाहीच. ती पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची आहे, आपल्या विदर्भाच्या जिवाची! ॲरिझोनात सरकीत अफ्लाटॉक्सिन व्हायचं आणि ती सरकी दुधाळ जनावरांना चालायची नाही. अमेरिकेच्या शेती खात्यातले पीटर कॉटी ह्यांनी तिथल्याच रानातला एएफ-३६ शोधला, निर्जंतुक केलेल्या गव्हावर वाढवून पऱ्हाटीत टाकला. २००३ ला त्याला तिकडे रीतसर नोंदणी मिळाली, आणि तयार कोणी केला, तर कापूस उत्पादकांच्या स्वतःच्या संस्थेनं. फल्लीसाठीचा दुसरा वाण २००४ ला आला. आफ्रिकेतलं काम नायजेरियातल्या इबादानच्या आंतरराष्ट्रीय संस्थेतून झालं, तिथले रणजित बंद्योपाध्याय हे आधी आपल्या हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट ह्या आंतरराष्ट्रीय शेती-संशोधन संस्थेत होते. त्यांनी एक पथ्य पाळलं: प्रत्येक देशाच्या मातीतलेच वाण शोधायचे, त्यातले चार निवडायचे आणि मिसळून वापरायचे. नायजेरियाची ज्वारी केनियात नाही, केनियाची सेनेगलला नाही.

म्हणून धुऱ्यावरच्या गड्यानं भाच्याला त्रास देऊ नये. परक्या मातीतली जिवंत बुरशी पिशवीत घालून आणणं म्हणजे कायद्यानंही भानगड आणि शहाणपणानंही. आपल्याकडे अशी जैविक औषधं १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदवावी लागतात. फ्लेवसचं पाकीट माझ्या पाहण्यात आपल्याकडच्या दुकानात आलेलं नाही. कोणी ‘अफ्लाटॉक्सिन नाशक’ म्हणून काही विकायला आलाच, तर आधी नोंदणी क्रमांक विचारा.

६४ आणि ९, दोन्ही कागद खरे असू शकतात. किलोभर टीएजी-२४ मध्ये दोन हजारांवर दाणे भरतात. विष सगळ्यांत सारखं नसतं, त्यातल्या दोन-चार दाण्यांत ठासून भरलेलं असतं. तुमच्या किलोत ते आले तर ६४, नाही आले तर ९. तो आकडा म्हणजे किलोमागे मायक्रोग्रॅम. १ म्हणजे हजार टनांत १ ग्रॅम, दहा टनी शंभर ट्रकांत चिमूटभर. युरोपात थेट खायच्या दाण्याला मर्यादा ४ आहे.

आता डबा. ते दोन-चार दाणे दिसायला कसे असतात? सुरकुतलेले, बारके, फुटके, नाकाशी रंग बदललेले, सालीखाली पिवळट-हिरवी भुकटी असलेले. म्हणजे तुम्ही सुपातून बाजूला काढता नेमके तेच. निवडलेल्या मालाचं विष उतरतं ते सगळं निवडणात जाऊन बसतं. बाजाराला चांगलं पाठवून आपण घरी ते विषाचं सार खातो. भाजून, शिजवून ते जात नाही. भट्टीवर भाजलं तर थोडं कमी होतं, पण खाण्यालायक होतं असं नाही.

जांभळ्या दिव्याचं: तो मक्यात किंवा सरकीत जे पिवळट-हिरवं चमकवतो ते त्याच बुरशीचं दुसरं द्रव्य असतं, विष नव्हे. संशय घ्यायला ठीक, पास करायला नाही.

---

घाणेवाली_वहिनी · २० जून, दुपारी २.३०

मास्तर, डबा काढला. पत्र्याचा, पंधरा किलोवाला, निम्मा भरलेला होता. शिवाय एक चुंगडी शेडमध्ये होती ती घाण्यावर न्यायची होती.

तुमचं वाचल्यावर मी डब्यातले मूठभर दाणे ताटलीत घेऊन उन्हात बसले. एकेक फोडून पाहिला. वरून नुसता तपकिरी झालेला, पण दोन डाळिंब्या उघडल्या की मधल्या पोकळीत हिरवट मऊ बुरा, मूग दळताना उडतं तसं पीठ. वास काही विशेष नाही, जुन्या गोणपाटासारखा. आणि गंमत अशी की जे काळेकुट्ट दाणे मी सर्वांत वाईट समजत होते, त्यात तसलं हिरवं दिसलंच नाही. काही दाणे बाहेरून अगदी स्वच्छ, गुलाबी, नि आत रेघभर हिरवं. हे मी गेली दोन वर्षं पाट्यावर वाटत होते. मजूर बायांनाही उपटणीच्या वेळी पायलीभर असलेच दाणे दिले, वरून उपकार केल्यासारखे. ते आठवून जेवण गेलं नाही.

सासूबाई म्हणतात, “इतके वर्स खाल्लं, मेलो काय आमी?” ह्याचं उत्तर मला देता आलं नाही.

तेलाचं सांगा. आमचा घाणा आहे, कारखाना नाही, तेल फक्त कापडातून गाळतो. आणि ढेप?

---

दूधवाला_आर्णी · २० जून, दुपारी ४.१०

ढेपेचं मी सांगतो, मास्तर तेलाचं सांगतील.

माझ्या अकरा म्हशी. मागच्या पावसाळ्यात डेअरीतून फोन आला की तुमच्या केंद्राच्या दुधात ‘एम-वन’ वाढलेलं आहे, प्रत्येकाचं वेगळं तपासू. मला पहिल्यांदा वाटलं युरियाबिरियाचा संशय आहे, मी भांडलोच. मग त्यांच्या डॉक्टरनं माझ्या गोठ्यात येऊन काहीच न विचारता सरळ ढेपेच्या पोत्यात हात घातला. सरकी ढेप होती, जुलैत घेतलेली, जमिनीवरच थप्पी, खालचं पोतं भिंतीला टेकून. आतून गठ्ठे झालेले. मी ते गठ्ठे फोडून पाण्यात भिजवून घालायचो, म्हशीही आवडीनं खायच्या.

जनावरानं खाल्लेलं हे विष थोडं दुधात उतरतं, रूप बदलून, त्याला एम-१ म्हणतात. दुधात मर्यादा लिटरमागं अर्धा मायक्रोग्रॅम, आणि पशुखाद्यात किलोमागं २० ची. ती ढेप बंद केली आणि चार-पाच दिवसांत दूध पास झालं. तेव्हापासून लाकडाच्या फळ्यांवर थप्पी, भिंतीपासून हातभर लांब, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतीच ढेप घेतो. महाग पडते. पण वहिनी, तुमच्या निवडणाची ढेप गाईला घालू नका, कोंबड्यांना तर मुळीच नको. नातवाला दूध पाजता ना?

---

बुरशीमास्तर · २० जून, रात्री ८.२०

आर्णीवाल्यांनी बरोबर सांगितलं. हे विष जगाला कळलंच मुळी फल्लीच्या ढेपेमुळे. १९६० साली इंग्लंडात लाखावर टर्की पक्षी पटापट मेले, कारण सापडेना, रोगाचं नावच ‘टर्की एक्स’ ठेवलं. शोधता शोधता धागा ब्राझीलहून आलेल्या फल्लीच्या ढेपेशी गेला. त्यातली बुरशी ॲस्परजिलस फ्लेवस, म्हणून अ-फ्ला-टॉक्सिन.

घाण्यात बराचसा भाग ढेपेत राहतो, पण तेलातही उतरतो. कारखान्यात तेल शुद्ध करताना अल्कलीची प्रक्रिया होते, तिथं तो निघून जातो. तुमच्या कापडातून निघत नाही. लाकडी घाण्याचं तेल चांगलं हे खरं, पण त्याच्यामागे दुसरं कोणी गाळायला नाही, त्यामुळे दाणा घाण्यात पडायच्या आधीच चोख पाहिजे. निवडणाचं तेल काढून विकणं तर सोडाच, घरच्या दिव्यातही लावू नका.

काळे दाणे म्हणजे बहुधा ॲस्परजिलस नायगर. दिसायला भयंकर, पण हे विष ती करत नाही.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर अवघड आहे, कारण हे विष बहुतेक वेळा हळूच काम करतं. यकृतावर, वर्षानुवर्षं. ज्यांना कावीळ ब आहे त्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका त्यानं कितीतरी पटीनं वाढतो, आणि गावात कोणी यकृताच्या आजारानं गेलं तर आपण फल्लीकडे बोट दाखवत नाही. पण एकदम मारलेलंही आहे. १९७४ ला राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातेतलं पंचमहाल, भिल्लांची वस्ती. कणसं तयार असताना अवकाळी पाऊस झाला, मका बुरसला, दुसरं खायला नव्हतं म्हणून लोकांनी तोच खाल्ला. ३९७ आजारी, १०६ दगावले. त्या गावांतली कुत्रीही मेली, त्यांनाही तीच भाकर मिळत होती. माझ्या वर्गात हे सांगितलं की पोरं गप्प व्हायची.

आता तुमच्या वावराचं. पावसाला दोष देऊ नका, निदान एकट्याला नको. दाण्यात ओल असते तोवर तो स्वतःच बुरशीला अडवणारी द्रव्यं तयार करतो. शेवटचे तीन-चार आठवडे पाणी तुटलं की जमिनीत असतानाच दाणा सुकायला लागतो, ते संरक्षण बंद पडतं, आणि बुरशीला मात्र अजून पुरेशी ओल असते. त्यात माती तापलेली, भेगांतून उघडी पडलेली शेंग, उधईनं किंवा हुमणीनं टोकरलेली. शिरकाव तिथं झाला. गरम ढिगात एका रात्रीत त्याचे पाढे वाढले. म्हणून तुमचा खरा प्रश्न मे महिन्यातली ती दोन पाणी आहेत.

---

धुऱ्यावरचा_गडी · २० जून, रात्री ९.००

मास्तर, पाणीच नाही तर देईन कोठून? विहीर काय कृषी विद्यापीठाची हाय?

---

बुरशीमास्तर · २१ जून, सकाळी ६.३०

बरोबर बोललात. पाणी नाही तर क्षेत्र कमी करा. दीड एकर अर्धपोटी ठेवण्यापेक्षा एक एकर शेवटपर्यंत ओला ठेवलेला बरा. एवढ्याशा सल्ल्यावर माझ्याशी लोकांनी भांडणं केलेली आहेत, त्यामुळे तुम्हीही करा, हरकत नाही.

आऱ्या (जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटताना जिप्सम द्या, हेक्टरी ५०० किलोच्या हिशेबानं. त्यातल्या कॅल्शियमनं टरफल घट्ट होतं, आणि जिप्सम नि शेणखत ह्यांनी हे विष घटतं हे इक्रिसॅटच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. शेणखतातच ट्रायकोडर्मा मुरवून टाका, तिची खरी जागा ती. डवऱ्यानं (कोळप्यानं) शेवटच्या दिवसांत शेंगा कापू नका. पक्व झाली की एक दिवसही वावरात ठेवू नका, टीएजी-२४ ला सुप्तावस्था नाही, पाऊस लागला की जागेवर कोंब. उपटल्यावर झाडं उलटी ठेवा, शेंगा वर, पाला खाली. ढीग मुळीच नको, निदान शेंगा वाजायला लागेपर्यंत तरी. ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास आला की कानाशी हलवलेल्या शेंगेतला दाणा खुळखुळतो. बियाण्याला ठेवाल त्या शेंगांना भिजवून फोडायची सवय असेल तर ती सोडा, आमच्या इकडे बाया टरफल मऊ व्हावं म्हणून पाणी शिंपडतात.

आणि असलेल्या मालाचं: पाचही क्विंटल पुन्हा निवडा, हातानं. मग दहाही पोत्यांतून, वरून, मधून, खालून थोडं थोडं काढून पाच किलो जमवा, सगळं एकत्र दळा आणि त्या पिठातून नमुना द्या. तो आकडा खरा.

---

घाणेवाली_वहिनी · ११ जुलै, रात्री १०.१५

उशिरा लिहिते आहे, पेरणीत होते.

सात जणी चार दिवस बसलो, दुपारी बाहेर पाऊस होता म्हणून सगळ्या मोकळ्याच होत्या. पाट्यावर पांढरं कापड टाकून, खिडकीशी. पाच क्विंटलमधून ३८ किलो निघालं. पहिल्या वेळी आम्ही काढलं होतं त्याच्या दुप्पट, आणि तेव्हाही आम्हाला वाटलं होतं की डोळ्यांत तेल घालून निवडतोय. यंत्रानं फुटलेल्या अर्ध्या डाळिंब्या मी तेव्हा ठेवल्या होत्या, त्या सगळ्या काढल्या. मास्तरांनी सांगितलं तसा नमुना दिला. आकडा आला ११. मोठा खरेदीदार परत काही आला नाही, फोन उचलतात आणि कळवतो म्हणतात. कारंज्याला हर्रासात घातला, दर क्विंटलला बाराशेनं कमी गेला. कागद दाखवला तर व्यापाऱ्यानं हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला नि परत दिला. ११ ला तिथं भाव नाही, ६४ लाही नसता, दोन्ही एकाच ढिगात पडले असते. ह्याची चीड मात्र येते.

तेलाचा माल अजून निवडायचा बाकी आहे, तोवर घाणा बंद ठेवला. गटातल्या दोघी नाराज आहेत, हप्ता थांबत नाही म्हणतात. त्यांचंही खोटं नाही. ज्या बायांना दाणे दिले होते त्यांच्याकडे मी स्वतः गेले. एकीकडे उरले होते, तिला बदल्यात चांगले दिले. बाकीच्यांनी खाऊन टाकले होते.

पुढच्या फेब्रुवारीत फल्ली एकच एकर. यजमान तयार नव्हते, मी विहिरीत दोर सोडून मेमधल्या पाण्याची खूण दाखवली तेव्हा तयार झाले. उरलेल्या अर्ध्यात हरभरा निघाला की काही नाही.

निवडण धुऱ्याजवळ कमरेइतका खड्डा करून पुरलं, तोंडाला फडकं बांधून. सासूबाई आल्या होत्या. खड्डा बुजवताना म्हणाल्या, “लाखाचे बारा हजार केले पोरीनं.” घरी येऊन तो डबा त्यांनीच राखेनं तीनदा घासला, दोन दिवस उन्हात पालथा घातला. डबा द्यायला तयार नाहीत. त्यांच्या माहेरचा आहे.